तणावा

दिवाळी सरली की पुण्याच्या वारज्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर तासाभरापुरता एक तंबू उभा राहतो. पावसाळाभर माळ्यावर पडलेलं ते धूड खाली काढायचं, उन्हात पसरायचं, कुबट वास जाईपर्यंत थांबायचं आणि पुढच्या शनिवारी पानशेतच्या वाटेला लागायचं, असा घरचा शिरस्ता. गेल्या खेपेला कांड्या जोडायला घेतल्या आणि एक कांडी उसाच्या पेरासारखी उभी चिरलेली निघाली. फायबरग्लासचे धड दोन तुकडेही होत नाहीत. त्याच्या शिरा सुटतात, आणि त्यातलं कुसळ बोटात शिरलं की दोन दिवस दिसत नाही, नुसतं टोचत राहतं.

खाली कुणाच्या तरी हळदीचा मांडव घालणं चाललं होतं. दिव्यांच्या माळा सोडायला मांडववाल्यांपैकी एक गृहस्थ गच्चीवर आले. साठीच्या पुढचे. त्यांनी माझ्या अर्धवट उभ्या तंबूभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याला ताण कुठाय?"

मी चिरलेली कांडी दाखवली.

"कांडीचं सोडा हो. ताण दिला नाही म्हणून कांडी गेली."

पिशवीत पाहिलं तर दोऱ्या होत्या. कारखान्यात घातलेल्या वेटोळ्यासकट, सहा वर्षं न सोडलेल्या.

त्या गृहस्थांचा ताण हा शब्द आता आपण बहुतेक डोकेदुखीसाठी वापरतो. त्याचा सख्खा भाऊ तणाव तर वर्तमानपत्रांत रोज भेटतो: परीक्षेचा, सीमेवरचा, दोन गटांतला. पण जुन्या मराठीत तणावा म्हणजे तंबूचा दोर. हाताला लागणारी, विकत मिळणारी, कापता येणारी वस्तू. फारसीत या दोराला तनाब म्हणतात, आणि तो शब्द तिथे अरबीतून आला. आपल्याकडे संस्कृत तन् धातूवरून ताणणं आधीपासून होतंच. तनाब छावण्यांबरोबर दख्खनेत उतरला आणि ताणण्याला येऊन मिळाला असावा. अशी सोयरीक भाषेला फार आवडते. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये ताणण्याला तेंदेरे म्हणतात, इंग्रजांचा टेंट त्यातूनच निघाला, आणि ते तेंदेरे व आपलं तन् एकाच मुळाचे. म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'टेंट लावतोय' म्हणालं, तर त्याला ताणाची आठवण करून द्यायला हरकत नाही.

या दोराचं महत्त्व मराठी माणसाला शिकवायची गरज पडू नये. 1689 साली औरंगजेबाची छावणी तुळापूरला होती. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण रात्री छावणीत शिरले, बादशहाच्या डेऱ्याचे तणावे त्यांनी कापले, डेरा कोसळला आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन ते पसार झाले, अशी कथा बखरी सांगतात. शाळेत ही गोष्ट ऐकताना आमचं सगळं लक्ष कळसांवर. खरी युक्ती दोर कापण्यात होती हे मला गच्चीवर कळलं. तंबूचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, नुसता टेकवलेला असतो. चारी बाजूंचे दोर त्याला सारख्या जोराने ओढतात म्हणून तो उभा. एका बाजूचे दोर कापले की खांबाला ढकलावं लागत नाही. उरलेल्या बाजूचे दोरच त्याला ओढून पाडतात. एवढा मोठा डेरा पाडायला चार-दोन माणसं आणि धारदार पाती पुरतात ती यामुळे.

डेऱ्याबरोबर त्याच्या सुट्या भागांची नावंही आली. कनात म्हणजे बाजूची कापडी भिंत. मेख म्हणजे खुंटी. 'खरी मेख तिथंच आहे' म्हणताना आपण अजून तीच ठोकत असतो. चोब म्हणजे काठी किंवा खांब; चोपदार हा मुळात चोबदार, काठी धरणारा. वारीत समाजआरतीला माउलींचे चोपदार काठी उंचावतात आणि सगळ्या दिंड्या क्षणात गप्प होतात, ती काठी या चोबेच्याच घरातली. आणि ज्या तंबूला मधला खांबच नाही तो बे-चोबा, मराठीत बिचोबा. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. पण पावसात चिखलात उभं राहून मोगरी हाणणारा माणूस कोश उघडून बसत नाही. मेख मेखच राहिली.

या सगळ्या सामानाचं एक खातं असे, फरासखाना. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी हा एक. अरबीत फर्श म्हणजे अंथरलेलं, जाजम. ते अंथरणारा तो फर्राश, म्हणजे आपला फरास. आपल्या घरातली फरशी त्याच घराण्यातली. फरासाने गालिचे अंथरायचे, तंबू ठोकायचे, उतरवायचे, वाळवायचे, उसवलं-फाटलं ते शिवून घ्यायचं, आणि पुढच्या मुक्कामाला उंट-हत्तींवर लादायचं. पेशवे मोहिमेला निघत तेव्हा आधी वाडा सोडून शहराबाहेर डेरेदाखल होत. नेता एकदा तंबूत राहायला गेला की मोहीम सुरू झाली असा त्याचा अर्थ. फौजेच्या पुढे बिनीवाला जाऊन मुक्कामाची जागा धरी, निशाण रोवी. आषाढीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि वारकरी पोचेपर्यंत तंबू ठोकून ठेवतो, तेव्हा तो बिनीवाल्याचंच काम करत असतो. पुण्यात बुधवार पेठेतलं फरासखाना पोलीस ठाणं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे तक्रार नोंदवायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपण तंबूखात्यात आलो आहोत?

बाकी शब्दांची पांगापांग झाली. शामियाना लग्नात गेला. पाल भटक्यांच्या वाट्याला आलं: दोन काठ्या, वर एक आडवी, दोन्हीकडे उतरतं कापड. त्याच्याशी 'ठोकणे' हे क्रियापद जोडलं गेलं आणि गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे पालं झाली. राहुटी तमाशाने सांभाळली. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात. तंबू सर्कशीने नेला, जत्रेतल्या फिरत्या सिनेमाने नेला, आणि सर्वात मजेशीर म्हणजे क्रिकेटच्या बातमीदारांनी नेला. 'निम्मा संघ तंबूत' हे वाक्य मराठीत इतकं रुळलंय, की संगमरवरी पायऱ्यांच्या स्टेडियममध्येही आपला फलंदाज तंबूतच परततो. ज्या पॅव्हेलियनचं हे भाषांतर, तो शब्दही मुळात तंबूच: लॅटिन पापिलिओ, फुलपाखरू; पंख पसरल्यासारखं कापड म्हणून. मुंबईत 1948 पासून भर पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होतात, त्यात क्लबांचे खरेखुरे तंबू आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर असतात. तिथला बातमीदार अक्षरशः खरं लिहीत होता.

कापडाचंही असंच. डांबर फासलेल्या जाड कापडाला इंग्रज टार्पोलिन म्हणत. आपल्या कानांनी त्यात ताडपत्री ऐकली. पोथ्या लिहायच्या ताडाच्या पानांशी तिचा काडीचा संबंध नाही, पण मार्केट यार्डात 'ताडपत्री टाका रे' म्हटल्यावर कुणी पोथी काढत नाही.

आता माझ्या कांडीकडे वळतो. माझा तंबू घुमटी. दोन लांब लवचिक कांड्या एकमेकींवरून कमानीसारख्या वाकवायच्या, कापड त्यांना आकड्यांनी अडकवायचं. मध्ये खांब नाही. म्हणजे बिचोबाच की हा! 1975 साली अमेरिकेत नॉर्थ फेस कंपनीने स्थापत्यकार बकमिन्स्टर फुलरच्या घुमटांवरून सुचलेला तंबू बाजारात आणला तेव्हा ती मोठी नवलाई होती. बिनखांबी तंबूला आपल्याकडे त्याआधी दीड-दोनशे वर्षं नाव होतं. रचना अर्थातच वेगळी, कांड्या वाकवून त्यांच्यातच ताण साठवायची ही नवी करामत खरी. पण तिने एक गैरसमज पसरवला: हा तंबू दोरांशिवाय 'आपोआप' उभा राहतो. राहतो, वारा येईपर्यंत. मग सगळा जोर एका कांडीवर येतो आणि ती उसासारखी चिरते.

कांडी बदलायची म्हटल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. ज्या दुकानातून घेतला तिथे उत्तर मिळालं, "सुटं काही येत नाही सर, पूर्ण टेंटच घ्या." मोबाइलवर शोधायचं तर काय लिहून? कांड्यांची जाडी 7.9, 8.5, 9.5 मिलिमीटर अशी असते हे मला नंतर एका मित्राच्या व्हर्नियरने शिकवलं. माझी साडेआठची निघाली. अर्धा मिलिमीटर चुकलं तर कांडी दुसऱ्या कांडीच्या नळीत जातच नाही, किंवा जाते आणि खुळखुळते. माळवाडीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवर गर्दी, मालकांनी मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?" आणि माझी वाचा बसली. कांडीच्या टोकाच्या त्या नळीला माझ्याकडे मराठीत नाव नव्हतं. इंग्रजीतलंही मला येत नव्हतं. मी कांडी पुढे केली आणि म्हणालो, "ह्याच्या टोकाला हे असतं ना..." शेजारी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "मुसळाला असतं तसं कडं." मालकांना तेव्हा कळलं, पण ते त्यांच्याकडे नव्हतं.

फरासखान्यातल्या माणसाला ही अडचण आली नसती. मेख हरवली, मेख द्या. तणावा झिजला, तणावा द्या. सुताराने चोब कातून दिली असती. नाव होतं, म्हणून भाग सुटा मागता येत होता, आणि सुटा मागता येत होता म्हणून एक डेरा कित्येक मोहिमा पुरत होता. खोक्यात बंद होऊन आलेल्या तंबूच्या अवयवांचं बारसं आपल्याकडे झालंच नाही. मग मोडलं की काय मागणार? खोकंच मागावं लागतं.

शेवटी तोडगा त्या मांडववाल्या काकांनीच काढला. इमारतीच्या टाकीशेजारी जुन्या टीव्हीचा अँटेना वर्षानुवर्षं कावळ्यांसाठी उभा आहे. त्याची ॲल्युमिनियमची एक आडवी दांडी त्यांनी करवतीने वीतभर कापली, धारा कानसेने घासल्या आणि चिरलेल्या जागेवर नळीसारखी सरकवली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राहील अशी. कडांना चिकटपट्टी. आतून जाणारी इलॅस्टिकची दोरी ढिली पडली होती, ती एका टोकाची गाठ सोडून तळहाताएवढी कापली, पुन्हा बांधली. सगळी पेरं खटाखट एकमेकांत बसली. चेन दात सोडत होती. तिचा सरकता तुकडा पकडीने दोन्हीकडून अलगद दाबला, तेवढ्यावर चालली. न चालती, तर रविवार पेठेत शिवणसामानाच्या दुकानात पाच नंबरचा तुकडा सुटा मिळतो. तिथे नाव आहे, नंबर आहे, काही अडत नाही. मेखा मात्र मी स्वतःहून बदलल्या. तंबूबरोबर आलेल्या वीतभर सळ्या विलायती मातीसाठी ठीक. आपल्या मुरमात त्या चौथ्या ठोक्याला वाकतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून दहा मिलिमीटरच्या सळीचे तुकडे एका टोकाला वळवून घेतले. कातळ लागला तर तेही नको, दोर सरळ धोंड्याला.

मग काकांनी दोरीला हात घातला. गाठ अशी की वर सरकवली तर ताण बसतो, खाली ओढली तर सैल पडते. मी विचारलं, पाऊस आला तर काय करायचं? ते म्हणाले, पूर्वी सुती आणि अंबाडीचे दोर होते, ते भिजले की आखडायचे. पाऊस दिसला की आधी पळत जाऊन दोर ढिले करावे लागत, नाहीतर मेखा उपटत. "हे नायलॉन उलटं. भिजलं की लांबतं. आता पळायचं ते आवळायला."

ही दोराची खोड अकबरालाही नडली होती. त्याच्या काळी जमीन मोजायच्या दोरालाही तनाबच म्हणत. तो दमट हवेत आखडे, कोरड्या हवेत सैलावे, आणि शेतकऱ्याचं क्षेत्र हवेबरोबर बदले. म्हणून 1575 च्या सुमारास दोर रद्द होऊन लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची मोजणी आली, असं ऐन-ए-अकबरीत आहे. कड्यांनी जोडलेले बांबू! माझ्या पेरापेराच्या कांडीचा आजा म्हणायला हवा.

पुढच्या शनिवारी पानशेतच्या काठाला गेलो. वारजे पूल, शिवणे, कोंढवे धावडे, एनडीएचं फाटक; याच एनडीएतली पोरं पाठीवर ओझं घेऊन जो सराव करतात त्यातल्या एकाचं नाव कॅम्प तोरणा, आणि आमचं सामान तर गाडीत. तंबू सात मिनिटांत उभा राहिला. अँटेनाची नळी कमानीवर एका जागी चमकत होती. पहाटे तीनला कपाळावर थेंब पडला. दव धरून दोऱ्या लांबल्या होत्या आणि वरचं कापड आतल्याला टेकलं होतं. मी अंधारात चाचपडत बाहेर आलो, एकेक गाठ दोन बोटं वर सरकवली, आणि शेवटच्या दोरीवर टिचकी मारली. वाजली.