गोलंदाजीचा भार

गोलंदाजीचा भार : क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना ठरावीक काळात गोलंदाजाच्या शरीरावर पडणारा एकूण ताण, आणि तो आटोक्यात राहावा म्हणून कर्णधार, प्रशिक्षक व निवड समिती यांनी करावयाची आखणी. मैदानावर ‘वर्कलोड’ हाच शब्द रूढ आहे. जुन्या खेळाडूंच्या तोंडी मात्र ‘हात भरून आला’, ‘खांदा गेला’, ‘पाठ धरली’ असेच बोल असत. बेसबॉलमधील पिचरबाबत (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) हाच प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे आणि मोजदादीचे बरेचसे शास्त्र तिकडेच आधी उभे राहिले. या नोंदीत दोन्ही खेळांचा विचार केला असला, तरी भर क्रिकेटवर व त्यातही महाराष्ट्रावर आहे. शेवटी निफाड तालुक्यातील (जि. नाशिक) परिस्थितीचा विचार केला आहे.

दुखणे कोठे निघते : क्रिकेटचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा, तर बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅमचा. फरक फार नाही, पण दुखण्याची जागा साफ वेगळी. पिचर कोपरात हात वाकवून चाबकासारखा सोडतो. त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रत्येक फेकीला पीळ बसतो आणि एखाद्या दिवशी तो अस्थिबंधच तुटतो. क्रिकेटमध्ये चेंडू सोडताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ होता कामा नये असा नियम आहे, म्हणून कोपर बहुतांशी बचावते. मात्र धावत येऊन पुढचा पाय आपटताना वेगवान गोलंदाजाच्या शरीराला त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून मोठा धक्का बसतो आणि त्याच क्षणी कंबर एका बाजूला झुकून वळत असते. हा मार कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मागील भागावर येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तडा बहुधा डाव्या बाजूला जातो. कमरेच्या मणक्यातील हाड विशीच्या मध्यापर्यंत घट्ट होत असते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उंचीने पुरता वाढलेला दिसतो, वेगही मोठ्यांइतका काढतो, पण त्याचा मणका अजून कोवळा असतो. निवड समित्यांना भुरळ पडते ती नेमकी याच वयात.

फिरकी गोलंदाजाचे गणित निराळे. त्याची बोटे सोलतात, खांदा कुरकुरतो, पण पाठ सहसा टिकते. नाशिकमध्ये जन्मलेले डावखुरे बापू नाडकर्णी (१९३३–२०२०) यांनी १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातील त्यांचे पृथक्करण ३२–२७–५–०. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा त्यांचा सराव प्रसिद्ध आहे. त्या सरावाचे चेंडू कोणी मोजले नाहीत, आणि मोजण्याची गरजही कोणाला वाटली नसावी. वेगवान गोलंदाजाने असा सराव केला असता तर त्याचे नाव या नोंदीत वेगळ्या परिच्छेदात आले असते.

पूर्वीची रीत : मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई व महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ व ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. एकूण २,३७६ धावांचा हा प्रथम श्रेणीतील विक्रम अजून मोडलेला नाही. या सामन्याच्या आठवणी निघतात त्या फलंदाजांच्या. एवढ्या धावा ज्यांच्या चेंडूंवर निघाल्या, त्यांच्या खांद्यांची चौकशी क्रिकेटच्या इतिहासाने केलेली नाही.

फेब्रुवारी १९५९ मध्ये मुंबईचे रमाकांत देसाई दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळले. वय १९ वर्षे, चण लहानखुरी, टोपणनाव ‘टायनी’. पहिल्याच डावात त्यांच्याकडून ४९ षटके टाकून घेतली गेली आणि त्यांनी १६९ धावांत ४ बळी मिळवले. आजच्या कुठल्याही फिजिओसमोर हा आकडा ठेवला तर तो आधी मुलाचे वय विचारील. देसाईंच्या जोडीला दुसऱ्या टोकाकडून खरा वेगवान असा गोलंदाज त्या काळी क्वचितच असे, त्यामुळे चेंडू पुन्हा पुन्हा त्यांच्याच हाती येई. २८ कसोटींत ७४ बळी घेऊन अवघ्या २८व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. केवळ अतिश्रमाने ती संपली असे म्हणता येणार नाही, पण त्यांचे श्रम कोणी वाचवले असेही दिसत नाही.

बेसबॉलमधील मोजदाद : २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची कंडरा बसवली. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. तिच्या यशाचा एक वाईट परिणामही झाला. कोपर तुटले तरी नवे मिळते, असा समज शाळकरी मुलांच्या पालकांपर्यंत झिरपला.

उपाय म्हणून चेंडूंची मर्यादा आली. अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या मुलांच्या संघटनेने २००७ पासून डाव मोजण्याऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ हे तक्ते निघाले. त्यांनुसार ११–१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५, तर १५–१६ वर्षांच्या मुलाने ९५ फेकींपुढे जायचे नाही. शिवाय १५–१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७६ किंवा अधिक फेकी केल्या, तर पुढचे चार दिवस त्याला पिचिंग बंद. मोठ्यांच्या व्यवसायी संघांत पाच पिचर पाळीपाळीने सुरुवात करतात आणि शंभराच्या आसपास फेकी झाल्या की मॅनेजर स्वतः मैदानात जाऊन चेंडू मागून घेतो. बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात पिचिंगला परत येत नाही. क्रिकेटच्या कर्णधाराला ही सक्ती नाही. तो दमलेल्या गोलंदाजाला फाइन लेगला उभा करतो आणि तासाभराने पुन्हा बोलावतो.

मर्यादा पाळली म्हणजे हात वाचलाच, असे मात्र नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सने कोपराच्या शस्त्रक्रियेतून आलेल्या स्टीफन स्ट्रासबर्गला २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे १६० डावांनंतर सक्तीने बसवले. संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत असल्याने टीकेचा भडिमार झाला. २०१९ मध्ये त्याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्ग ठरला. त्यानंतर मज्जातंतूंच्या दुखण्याने त्याचे पिचिंग जवळपास थांबलेच, आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. दोन्ही बाजूंचे लोक हेच उदाहरण देतात.

क्रिकेटमधील हिशेब : इंग्लंडच्या मंडळाने वयोगटानुसार जी बंधने चालवली, त्यांत १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ व दिवसात १० षटके, १५ वर्षांखाली ६ व १२, तर १७ वर्षांखाली ७ व १८ अशी पायरी होती. ऑस्ट्रेलियात जॉन ऑर्चर्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की एका सामन्यात ५० हून अधिक षटके टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजांना पुढच्या सुमारे तीन आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढतो. या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच. चूक आज होते आणि दुखणे तीन आठवड्यांनी येते. तोवर सामना जिंकलेला असतो, कर्णधाराचे कौतुक झालेले असते, आणि मुलगा दुसऱ्याच मैदानावर लंगडत असतो.

दुसरा हिशेब आठवड्याचा. गेल्या सात दिवसांत टाकलेले चेंडू एका बाजूला आणि गेल्या चार आठवड्यांची सरासरी दुसऱ्या बाजूला ठेवून पाहायचे. समजा, एखादा मुलगा महिनाभर आठवड्याला १२ षटके टाकत होता आणि यात्रेच्या आठवड्यात त्याने ३० टाकली. आकडा म्हणून ३० षटके काही डोंगर नाहीत, पण उडी अडीचपट आहे. २०१४ मधील एका अभ्यासात भार दुपटीहून वाढला की पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका बराच वाढलेला आढळला. या गुणोत्तराच्या गणितावर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि ते रास्त आहेत. तरीही एकदम उडी घेऊ नये एवढा त्यातला मथितार्थ टिकून आहे. उलट बाजूने, फार कमी गोलंदाजी करणेही धोक्याचेच. विश्रांती घेऊन घेऊन हात कच्चा राहतो.

श्रीरामपूरच्या झहीर खानच्या कारकीर्दीत ही दोन्ही टोके सापडतात. २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर असताना त्याने वूस्टरशायरकडून काउंटी हंगाम खेळून ७८ बळी घेतले. सलग भरपूर षटके टाकून तो अधिक शहाणा आणि टिकाऊ गोलंदाज होऊन परतला. २०११ मध्ये मात्र विश्वचषक (२१ बळी), पाठोपाठ आयपीएल, मग खंड, आणि जुलैमध्ये थेट लॉर्ड्सची कसोटी. तेथे १३.३ षटकांनंतर त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि तो मैदान सोडून गेला. ती मालिका भारत ४–० ने हरला. ९२ कसोटींत ३११ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाचे आणखी किती बळी दुखापतींनी खाल्ले, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

अलीकडचे उदाहरण जसप्रीत बुमराहचे. २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या बुमराहने २०२४–२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात १५१.२ षटकांत ३२ बळी घेतले, पण सिडनीत शेवटच्या डावात पाठ आखडल्याने तो चेंडू हाती घेऊ शकला नाही. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल हे आधीच ठरले होते. तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष मुंबईचे अजित आगरकर होते, म्हणजे स्वतः वेगवान गोलंदाज. त्याच मालिकेत मोहम्मद सिराजने पाचही कसोटींत मिळून १८५.३ षटके टाकून २३ बळी घेतले आणि ओव्हलवर सहा धावांनी मिळालेल्या विजयातला शेवटचा बळीही त्याचाच. भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत बुमराह नव्हता, म्हणून ‘वर्कलोड’ या शब्दाची थट्टा झाली. ती उथळ होती. एकाची पाठ दुसऱ्याला लावता येत नाही.

निफाड तालुका : द्राक्षे आणि कांद्याचा हा मुलूख. लासलगाव व पिंपळगाव बसवंत या मोठ्या बाजारपेठा याच तालुक्यात आहेत. येथील बहुतेक क्रिकेट टेनिस बॉलचे असते. अशा स्पर्धांमधला सामना चार-सहा षटकांचा, गोलंदाजाच्या वाट्याला त्यातली एक-दोन. कागदावर हा भार नगण्य वाटतो. पण जिंकणारा संघ एका दिवसात तीन-चार सामने खेळतो. दर सामन्याआधी हात गरम, नंतर तासभर मांडवाखाली खुर्चीत बसून गार, पुन्हा पूर्ण जोर. चेंडू हलका असल्याने वेग काढायला सगळी ताकद खांद्यातून लावावी लागते, आणि सीमारेषेवरून होणाऱ्या फेकी तर कोणीच हिशेबात धरत नाही. बेसबॉलच्या पिचरला होते तसले दुखणे क्रिकेटमध्ये येते ते बहुधा या फेकींतून.

त्यात निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानांपैकी काहींची नोंद होते आणि पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. सकाळी आठचा सामना, मैदानावर दव, आणि पोरगा मोटारसायकलवरून उतरून स्वेटर काढतो, दोनदा हात गोल फिरवतो आणि थेट पहिला चेंडू टाकतो. अंगाला घाम येण्याआधी टाकलेले हे सहा चेंडू दुपारच्या अठरांपेक्षा महाग पडतात.

आणखी एक भार कुठल्याच तक्त्यात नाही. आदल्या दिवशी याच मुलाने मांडवाखाली हात वर धरून द्राक्षाची विरळणी केलेली असते किंवा वीस किलोंचे क्रेट टेम्पोत चढवलेले असतात. खांद्याला दोन्ही कामे सारखीच. परदेशी तक्ते येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत ते यामुळे. वही ठेवायची तर तिच्यात चेंडू, फेकी आणि शेतातला दिवस असे तीन रकाने हवेत. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल व बेसबॉलही आहेत. एकच दणकट हाताचा मुलगा तीनही खेळांच्या संघांत असेल, तर त्याची वही एकच असावी, कारण हातही एकच आहे. क्रीडाशिक्षकाला यासाठी यंत्र लागत नाही, शंभर पानी वही पुरते.

चेंडू टाकताना कमरेत एकाच बाजूला कळ येत असेल आणि मागे वाकल्यावर ती वाढत असेल, तर बाम व शेक यांवर न थांबता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो. तडा भरून पुन्हा पूर्ण वेगाने गोलंदाजी करायला साधारण सहा ते आठ महिने जातात. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचा माल तेवढ्यात बाजारात जाऊन एप्रिलची खरड छाटणीही उरकलेली असते.