अल्बमचं कव्हर कसं करावं? चित्र, अक्षरं, फाइल आणि हक्क: सीमाभागातल्या कलाकारांसाठी सविस्तर माहिती

बेळगाव-खानापूरकडचं भजनी मंडळ असो, फोंड्याची नाट्यसंगीत गाणारी मुलगी असो की इंदूर-बडोद्यात मराठी रॅप करणारी पोरं, गाणी रेकॉर्ड करून ऑनलाइन सोडणं आता अवघड राहिलेलं नाही. स्टुडिओ, वादक, मिक्सिंग यांत महिने जातात. कव्हर मात्र शेवटच्या रात्री होतं. ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे व्हॉट्सॲपवर दोन फोटो जातात आणि ‘कायतरी छान करून दे’ असा निरोप जातो.

इथंच घोळ होतो. म्युझिक ॲपवर गायकाचं आणि गाण्याचं नाव बरेचदा रोमन अक्षरांत भरलेलं असतं. मग त्या सगळ्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे कव्हर. हे गाणं आपल्या भाषेतलं आहे, ही पहिली खूण ऐकणाऱ्याला तिथंच मिळते. तेवढ्यात अक्षरं फुटली, मात्रा सरकली किंवा नाव वाचताच आलं नाही तर ती खूणही जाते.

‘अल्बम’ हा शब्द कुठून आला?

७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर जायची. त्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधलेल्या पुठ्ठ्याच्या वहीत ठेवत, म्हणून नाव पडलं अल्बम. वरचा पुठ्ठा साधा, एकरंगी असायचा. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीचा तरुण कलादिग्दर्शक ॲलेक्स स्टाइनवाइस यानं त्यावर खास चित्र आणि अक्षरं छापायला सुरुवात केली. दुकानात ठेवलेला माल गिऱ्हाइकाला लांबून ओळखू आला पाहिजे, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब होता. १९४८ मध्ये कोलंबियानं एलपी बाजारात आणली आणि मोठ्या चौकोनी कव्हरचा जमाना सुरू झाला.

आपल्याकडे बहुतेकांच्या आठवणीत ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असतं. ती एचएमव्हीची खूण. कुठल्याही गायकाची तबकडी असो, कुत्रा तोच. एलपीच्या काळात गायकाचा तानपुऱ्यासह फोटो, चित्रपटाच्या पोस्टरवरचे चेहरे आले. कॅसेटच्या लाटेत देवाचा फोटो, खाली गायकाचा गोल फोटो आणि भडक रंगातलं नाव, असा साचाच तयार झाला.

जागा किती कमी झाली?

- एलपीचं कव्हर: साधारण ३१ सेंमीचा चौकोन
- कॅसेटची दर्शनी बाजू: साधारण साडेसहा सेंमी रुंद, दहा सेंमी उंच
- सीडीचं कव्हर: साधारण १२ सेंमीचा चौकोन
- मोबाइलवरची यादी: अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन

एलपीवर जे चाललं ते नखाएवढ्या जागेत चालेलच असं नाही. म्हणून डिझाइन करणाऱ्यानं सुरुवात लहान चौकोनापासून करावी. कॉम्प्युटरवर पडदाभर मोठं केलेलं चित्र सगळ्यांनाच छान वाटतं. तेच चित्र लहान करून मोबाइलवर, हात लांब करून पाहिलं की खरं-खोटं कळतं.

चित्र: एकच गोष्ट सांगा

मंदिर, सूर्यास्त, वीणा, गायक, निर्माता आणि फुलांची नक्षी हे सगळं एका चौकोनात कोंबलं तर लहान आकारात नुसता रंगीत चिखल दिसतो. एक वस्तू, एक चेहरा किंवा एक आकार पुरे.

जगातली गाजलेली कव्हरं बघितली तर हेच दिसतं. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) या अल्बमवर काळ्या पार्श्वभूमीवर लोलक, त्यात शिरणारा पांढरा किरण आणि बाहेर पडणारे रंग एवढंच आहे. लंडनच्या हिप्नोसिस या डिझाइन गटाचं हे काम. समोरच्या बाजूला बँडचंही नाव नाही, अल्बमचंही नाही. जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) वर पीटर सॅव्हिलनं एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख काळ्यावर पांढऱ्या रेघांत दिला. तो अल्बम कधी न ऐकलेली पोरंही आज ते चित्र छापलेले टी-शर्ट घालतात.

नाव न टाकण्याची ही चैन मात्र नव्या कलाकाराला परवडत नाही. ज्याचं नाव लोकांना माहीत नाही, त्यानं ते ठळकच लिहिलं पाहिजे.

चित्रानं किती सांगता येतं याचं टोकाचं उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नासानं सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीतली रचना तिच्यात आहे. त्या तबकडीलाही कव्हर आहे, ॲल्युमिनियमचं. ते ज्याच्या हाती पडेल त्याला पृथ्वीवरची कुठलीच लिपी येणार नाही, हे धरून वर एकही शब्द लिहिलेला नाही. तबकडी कशी वाजवायची, किती वेगानं फिरवायची, आपला सूर्य कुठं आहे, हे सगळं आकृत्यांनी सांगितलं आहे. आपला श्रोता इतका लांबचा नसतो. तरी एक प्रश्न घ्यावा: अक्षरं झाकली तर चित्रावरून गाणं कशाचं आहे ते कळतं का?

पैसे कमी असले तरी बिघडत नाही. अमेरिकेतल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यानं १९५० आणि ६० च्या दशकात शेकडो कव्हरं केली. फ्रान्सिस वुल्फनं टिपलेला कृष्णधवल फोटो, एखादा रंग आणि मोठी, ठसठशीत अक्षरं एवढ्यावर त्यातली कितीतरी उभी आहेत.

अक्षरं: मराठीची खरी परीक्षा

अक्षरांतून आशय दाखवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं आठवावीत. नाटक विनोदी की गंभीर, हे नाव वाचण्याआधीच अक्षराच्या वळणावरून कळायचं. चांगला सुलेखनकार मिळाला तर कव्हरवर दुसरं चित्र लागतही नाही. फॉन्ट वापरायचा असेल तर पुढच्या गोष्टी सांभाळाव्यात.

*ल आणि श.* मराठी शाळेत गिरवलेला ‘ल’ पाकळीदार असतो. हिंदीतल्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’चंही तसंच, मराठी वळण वेगळं. बरेचसे देवनागरी फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडे तर छापणाऱ्याला फरक माहीतही नसतो. ‘विठ्ठल’ लिहिलं की लगेच दिसतं. हिंदी वळण चूक नाही, पण मराठी डोळ्याला ते खटकतं. ‘टिरो देवनागरी मराठी’सारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणं थेट मिळतात. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ती येतात.

*अर्धा र.* ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढा फरक. हिंदी कीबोर्डवर टाइप करणारा ‘वाऱ्यावर’चा ‘वार्यावर’ करून ठेवतो. कोळीगीतांच्या कव्हरवर ही चूक झाली तर हसं होतं.

*फुटलेल्या मात्रा.* पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाणं, जोडाक्षर सुटून पाय मोडलेलं दिसणं, हे फॉन्टपेक्षा सॉफ्टवेअरमुळे जास्त होतं. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर चालू करावा लागतो. जुन्या कृतिदेव, श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर प्रत्येक शब्द पुन्हा तपासावा.

*अक्षरांतली मोकळी जागा.* इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवली की नाव भारदस्त दिसतं. देवनागरीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. नाव रुंद दिसायला हवं असेल तर रुंद बांध्याचा फॉन्ट घ्यावा.

*ओळींतलं अंतर.* मराठीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं.

*जाडी.* बारीक, नाजूक रेषांचे फॉन्ट लग्नपत्रिकेत शोभतात, नखाएवढ्या चौकोनात विरून जातात. मध्यम ते ठळक जाडी घ्यावी. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे महत्त्व दाखवायचं तर आकार, जाडी आणि रंग हीच साधनं हाती आहेत. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात.

दोन लिप्या एकत्र असतील तर

बेळगाव, कारवारकडे मराठीसोबत कन्नड किंवा इंग्रजी नाव देण्याची गरज पडते. दोन्ही सारखीच मोठी ठेवली तर नजर कुठं थांबावी ते कळत नाही. गाणं ज्या भाषेतलं, तिचं नाव मोठं आणि दुसरं लहान ठेवावं. पॉइंट साइजच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच आकड्याला देवनागरी, कन्नड आणि रोमन अक्षरं सारखी मोठी दिसतीलच असं नाही. डोळ्यानं जुळवावं. कन्नड अक्षरं गोल, मराठीला वरची आडवी रेघ. जाडी सारखी ठेवली की दोन्ही एका घरची दिसतात.

फाइल आणि नियम

बहुतेक वितरक ३००० बाय ३००० पिक्सेलची चौकोनी जेपीजी किंवा पीएनजी फाइल मागतात. रंग आरजीबीमध्ये लागतात. छपाईसाठी केलेली सीएमवायके फाइल तशीच चढवली तर रंग बिघडू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दबलेलं असतं, म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ करून मागवावी.

कॅसेटच्या काळातल्या सवयी इथं अंगाशी येतात. मोबाइल नंबर, वेबसाइट, इन्स्टाग्रामचं नाव, किंमत, दुसऱ्या कंपनीचा लोगो यांपैकी काही कव्हरवर दिसलं तर वितरक ते परत पाठवतो. ‘सौजन्य’, ‘विशेष आभार’ आणि पुढाऱ्याचा नमस्काराचा फोटो प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्ससाठी ठेवावा. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव जुळलं पाहिजे. यूट्यूबसाठी मात्र आडवं चित्र वेगळं करून घ्यावं, चौकोन ताणून चेहरे रुंद करू नयेत.

हक्क: पावतीइतकंच महत्त्वाचं

गूगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. कुणीतरी तो काढलेला असतो आणि गाणं चाललं की तक्रार येते.

पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचंही नीट समजून घ्यावं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. संपूर्ण डिझाइन, सुलेखन यांना ही सवलत सरसकट लागू नाही. बाहेरच्या डिझायनरनं केलेल्या कामाचा हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑनलाइन गाणं तर पहिल्या दिवसापासून दुबई-लंडनला वाजतं. म्हणून एका कागदावर ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ एवढं लिहून सही घ्यावी. डिझायनरलाही त्याचं नाव आणि ठरलेले पैसे मिळाले पाहिजेत, तेही त्याच कागदावर यावं.

अपलोड करण्याआधी

१. कव्हर मोबाइलवर नखाएवढं करून पाहा. नाव वाचता येतं का?
२. फोन कृष्णधवल करून पाहा. अक्षरं पार्श्वभूमीत बुडतात का?
३. ल, श, अर्धा र आणि प्रत्येक वेलांटी तपासा.
४. ज्यानं गाणं ऐकलेलं नाही अशा माणसाला दाखवून विचारा: हे कशाचं गाणं असेल?
५. मराठी नीट वाचणाऱ्या एका जुन्या माणसाकडून नाव मोठ्यानं वाचून घ्या.
६. फोटो, फॉन्ट आणि डिझाइन यांच्या परवानगीचे कागद एका फाइलमध्ये ठेवा.

पाचवा मुद्दा बरेच जण वगळतात, कारण डिझायनर, गायक आणि निर्माता या तिघांनी ते नाव इतक्या वेळा पाहिलेलं असतं की चूक दिसेनाशी होते. गाणं एकदा प्रसिद्ध झालं की कव्हर बदलता येतं, पण पहिल्या दिवशी ते शंभर ग्रुपवर फिरलेलं असतं. तिथली चूक पुसता येत नाही.