बत्ती न पेटलेल्या तोफा

परंड्याच्या किल्ल्यात आजही तोफा आहेत. बत्ती तयार नसेल तर तोफ म्हणजे नुसतं धातूचं धूड, हे परंडेकराला सांगायला नको. वेठ म्हणजे काय, हेही मराठवाड्याला समजावावं लागत नाही. ब्रिटिश आरमाराची वेठ पाण्यावरची होती. नेपोलियनशी लढायला माणसं कमी पडत, म्हणून बंदरांतले खलाशी, नदीवरचे नावाडी टोळ्या पाठवून धरून नेत. सुटायचं तर पळायचं.

१८०७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावर असेच काही जण पळाले. वेअर, मार्टिन आणि स्ट्रॅचन ‘मेलॅम्पस’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून. आम्ही अमेरिकन, आम्हाला बळजबरीने नेलं होतं, असं त्यांचं म्हणणं. लंडनचा जेन्किन रॅटफर्ड ‘हॅलिफॅक्स’ या दुसऱ्या ब्रिटिश जहाजावरून. चौघंही ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेवर भरती झाले, रॅटफर्डने नाव सांगितलं जॉन विल्सन. १ जूनला ब्रिटिश ॲडमिरल बर्कलीचा हुकूम निघाला : ‘चेसापीक’ गाठा, झडती घ्या.

२२ जून, सकाळी सव्वासातच्या सुमारास

‘चेसापीक’ने नांगर उचलला. भूमध्य समुद्रापर्यंतचा लांबचा पल्ला. डेकवर सामानसुमान पसरलेलं, तोफा त्याखाली अडलेल्या.

दुपारी साडेतीन

पन्नास तोफांचं ब्रिटिश जहाज ‘लेपर्ड’ जवळ आलं. निरोप आहे म्हणाले. लेफ्टनंट मीड पत्र घेऊन चढला. ‘चेसापीक’वरच्या कमोडोर बॅरनने झडती नाकारली. इथे त्याच्या हातात अर्धा-पाऊण तास होता. मीड परतेपर्यंत तोफांभोवतीची अडगळ हलली नाही, हे मला आजही सहन होत नाही.

साडेचार

‘लेपर्ड’च्या तोफा सुटल्या. पुन्हा सुटल्या. इकडे दारूची शिंगं रिकामी, बत्त्या विझलेल्या. लेफ्टनंट ॲलनने भटारखान्यातला पेटता निखारा आणला आणि एकच तोफ डागली. तेवढ्यात बॅरनने निशाण उतरवलं. तीन ठार, अठरा जखमी. जखमींतला एक पुढे दगावला.

संध्याकाळ

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी माणसं ओळीत उभी केली. तिघं सापडले. रॅटफर्ड कोळशाच्या कोठारात लपला होता. त्याला तिथून ओढून काढलं.

३१ ऑगस्टला हॅलिफॅक्स बंदरात, ज्या जहाजावरून तो पळाला होता त्याच जहाजाच्या परबाणाला त्याला फाशी दिलं. वेअर कैदेतच मेला. मार्टिन आणि स्ट्रॅचन ‘चेसापीक’वर परत आले ते १८१२ साली. तोवर दोन्ही देशांत युद्ध पेटलं होतं.