निळू फुले यांची अभिनयघडण : कलापथक ते चित्रपट

प्रस्तावना

भारतात अभिनयाचे संस्थात्मक शिक्षण स्वातंत्र्योत्तर काळात आकारास आले. दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय, तर पुण्यात प्रभातच्या वास्तूत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्याच पुण्यात निळकंठ कृष्णाजी उर्फ निळू फुले (मृत्यू १३ जुलै २००९) हे नट म्हणून घडले. पण या संस्थांबाहेर. यामुळे त्यांचा उल्लेख बहुधा ‘उपजत नट’ असा केला जातो. हे वर्णन गौरवाचे असले तरी इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. फुले यांना रीतसर प्रशिक्षण मिळाले होते, मात्र त्याची शाळा निराळी होती, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रशिक्षण : कलापथक व लोकनाट्य

तरुणपणी फुले पुण्यातील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत आणि उरलेला वेळ राष्ट्र सेवा दलास देत. १९४१ साली स्थापन झालेल्या सेवा दलाने लोकशिक्षणासाठी कलापथक उभारले होते. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी फुले यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधील रोंगे या भूमिकेने ते प्रकाशात आले आणि शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना महाराष्ट्रभर ओळख दिली.

लोकनाट्यात संहिता ही केवळ आराखडा असते. बतावणीत समोरच्या नटाच्या वाक्यावर तत्काळ उत्तर सुचावे लागते. प्रेक्षक कंटाळला तर ते त्याच क्षणी कळते. हजरजबाबीपणा, सहनटाचे लक्षपूर्वक ऐकणे आणि श्रोत्यांची नाडी ओळखणे हे तीन संस्कार येथे होतात. शिवाय राजकीय वगामुळे गावातील सत्तेचे व्यवहार जवळून पाहण्याची सवय लागते.

चित्रपटातील वाटचाल

अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधील झेलेअण्णांपासून त्यांचा चित्रप्रवास जोमाने सुरू झाला. १९७२ साली रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ मधील सखाराम त्यांनी साकारला. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ (१९७५) मध्ये ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले, तर ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये पत्रकार दिगू टिपणीस. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ (१९८४) मध्ये त्यांनी राजकारणी गजानन चित्रे रंगविला.

अभिनयकौशल्ये

वगात मोठ्या आवाजाची व ठळक हालचालींची गरज असते. कॅमेऱ्यासमोर तीच गोष्ट बटबटीत ठरते. फुले यांनी बाह्य आविष्कार आखडता घेतला, ऐकण्याची शिस्त मात्र कायम ठेवली. ‘सामना’त डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर प्रश्न विचारतो तेव्हा हिंदुरावाची अस्वस्थता शब्दांपेक्षा थांबण्यातून व नजरेतून कळते. हा पाटील आरडाओरडा करणारा खलनायक नाही. तो आदरातिथ्य करतो, उपकार करतो, आणि त्या सौजन्यातच त्याची दहशत असते. सहकारातून उभ्या राहिलेल्या नव्या ग्रामीण सत्तेचे स्वरूप त्यामुळे प्रेक्षकांना ओळखता आले.

‘सिंहासन’ याच्या नेमके उलट आहे. दिगू सत्तेचा मालक नसून साक्षीदार आहे. भूमिकेचा बराचसा भाग पाहणे व ऐकणे एवढाच असूनही तो चित्रपट जोडून धरतो. एकच नट सत्ता आणि सत्तेचा साक्षीदार ही दोन्ही टोके विश्वासार्हतेने उभी करतो, हे केवळ उपजत देणगीने साधत नाही. त्यामागे वगाच्या फडावरील वर्षांची मेहनत आहे.

निष्कर्ष

गावगुंड व लंपट पाटील यांच्या एकसुरी भूमिकांत मराठी चित्रपटाने फुले यांना पुष्कळ अडकविले, हे मान्य करावे लागेल. परंतु १९९१ साली संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने गौरविलेल्या या नटास ‘अप्रशिक्षित’ म्हणणे म्हणजे कलापथक व लोकनाट्य या परंपरांना शिक्षणाच्या इतिहासातून वगळणे होय. अभिनयाचा इतिहास लिहिताना वर्गाइतकीच गावच्या पाराचीही नोंद व्हावयास हवी.