कोरडं वजन, ओलं वजन

खडकवासल्याचा माझा एक कोर्समेट पुढच्या वर्षी वर्दी उतरवतोय. पिकअपच्या हौद्यावर राहायची केबिन बसवून बायकोसोबत देश पाहायचा, हा त्याचा बेत. केबिनचं माहितीपत्रक पाठवून त्याने विचारलं, "गाडी पेलेल ना रे?" उत्तर जरा लांबलं, म्हणून इथेच लिहितो.

ही हौस मूळची अमेरिकेची. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक 58 व्या वर्षी, सप्टेंबर 1960 मध्ये, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन असाच देश पाहायला निघाला. गाडी जीएमसीची पाऊणटनी पिकअप, पाठीवर केबिन. नाव ठेवलं रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. पाऊण टन म्हणजे 1500 पौंड, साधारण 680 किलो. त्यातला मोठा वाटा केबिनच खाते. वर पाणी, हत्यारं, डबाबंद अन्न आणि कधीच वाचून न झालेली दीडशे पौंड पुस्तकं! ओरेगॉनमध्ये रविवारी, भर पावसात मागचं टायर फुटलं. शेवटी जड वजनाची टायरं मिळवावी लागली.

नावातल्या टनावर फौजही फसलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा अडीचटनी ट्रक कच्च्या रस्त्याच्या हिशेबाने अडीचटनी होता. 1944 मध्ये फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्स्प्रेस'ने ऑगस्ट ते नोव्हेंबर याच ट्रकांवर पुढच्या सैन्याला रसद पोहोचवली. रस्ता पक्का म्हणून बऱ्याचदा दुप्पट माल चढवला. रसद पोहोचली, पण टायरांचा फडशा पडला. युद्धात तो सौदा परवडतो, सहलीत नाही.

माझा धडा उत्तर सिक्कीमचा. मी नवा लेफ्टनंट. वनटनमध्ये तंबू आणि पाण्याचे जेरीकॅन भरले, लोड टेबलवरून बेरीज केली, बरोबर बसली. ड्रायव्हर हवालदार पाट्यांकडे बघत म्हणाला, "साब, कागज़ सूखा है, तंबू गीला है।" मी ऐकलं नाही. चुंगथांगच्या अलीकडे चढावर मागचा पाटा तुटला. खाली तीस्ता होती. गाडी डोंगराच्या बाजूला थांबली, हे नशीब. मागे चार जवान बसले होते. आजही पाऊस लागला की ते चार चेहरे आठवतात.

तर मित्रा, माहितीपत्रकातलं वजन कोरडं आहे. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी धर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे एक धट्टाकट्टा जवान आणि वर त्याचं पिठ्ठू. गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. उरतं त्यात तू, वहिनी आणि सगळं सामान बसलं पाहिजे. मागच्या अ‍ॅक्सलची आणि टायरांची मर्यादा वेगळी तपास. केबिनचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे हवा, नाहीतर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. जादा पाटे टाकले की गाडी बसलेली दिसत नाही, पण तिची क्षमता तेवढीच राहते.

आरटीओची परवानगी आधी घे. मग सगळं भरून, टाकी काठोकाठ करून, दोघं आत बसून गाडी वजनकाट्यावर घाल. तो आकडा मला पाठव. मग सांगतो, पेलेल की नाही.