चेंडूची वाट

साजगावहून रिक्षानं खोपोलीला येता. कर्जत लोकल पकडता. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी. कर्जतला कोयना एक्स्प्रेस उभी असते आणि तिच्या शेपटीला घाट चढवणारी जादा इंजिनं जोडली जातात. डब्याला धक्का बसतो, हातातल्या वडापावाची लाल चटणी कागदावर सांडते. घाटातल्या पहिल्या बोगद्यातला अंधार जरा जास्तच लांबतो. उजेडात येता तेव्हा समोरच्या माणसाच्या पेपरावर 2010 साल असतं.

कोल्हापूर. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या तापल्यात. इथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कुस्तीच्या गावानं लाल मातीवरची ईर्षा उचलून चेंडूला दिली आहे. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या खांद्यावर थाप मारून विचारतो, "कुठल्या पेठेचं?" साजगाव म्हटल्यावर क्षणभर थांबतो आणि पुढ्यातला शेंगदाण्यांचा पुडा सरकवतो. या शहरात 2000 साली फुटबॉलपटू अनिकेत जाधव जन्मला. पुढे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी त्याला घडवेल.

मग 6 ऑक्टोबर 2017. दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, रात्रीचे आठ. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक. फिफाच्या कुठल्याही वयोगटाच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदाच मैदानात उतरतोय. समोर अमेरिका. राष्ट्रगीताला तुमच्या अंगावर काटा येतो. आता एक करा: चेंडूकडे बघू नका, अनिकेतकडे बघा. बाकीचे दहा आपल्या गोलाभोवती झुंजताहेत आणि पुढे हा एकटा. दोन अमेरिकन बचावपटू, मध्ये हा. चेंडू उंचावरून येतो तेव्हा पाठीवर धडक झेलत तो अडवायचा आणि मागून कुणी धावत येईपर्यंत राखायचा. नाहीच आला, तरी बचावपटूच्या अंगावर धावून जायचं, परतायचं, पुन्हा धावायचं. या धावण्याची नोंद कुठल्याही धावफलकावर होत नाही. तिसाव्या मिनिटाला जॉश सार्जंट पेनल्टीवर गोल करतो. सामना 3-0 असा जातो. दुसऱ्या दिवशी लोक फक्त हा आकडा वाचतील आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुढे एकटं राहणं म्हणजे काय, ते तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलंत.

अकरा दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर या. मेक्सिको विरुद्ध इराण. 2005 आणि 2011 साली हाच चषक जिंकलेला मेक्सिको अकराव्या मिनिटालाच दोन गोलांनी मागे पडलाय. त्यांचा फॉरवर्ड रॉबेर्तो दे ला रोसा एक गोल परत करतो, पण बरोबरी होत नाही. 2-1. फुटबॉल श्वासासारखा असलेल्या देशातली ही पोरंही मान खाली घालून बाहेर पडतात. कोल्हापूर काय, मेक्सिको काय, सतराव्या वर्षी हरल्यावर चेहरा सारखाच पडतो.

घरी परता तेव्हा कार्तिकातली बोंबल्या विठोबाची यात्रा भरलेली असते. सुक्या बोंबलांचा वास, घोंगड्यांचे ढीग, ताकईच्या देवळाकडे निघालेली माणसं. त्या गर्दीत दिल्लीची रात्र जरा लांब जाते.

29 नोव्हेंबर. बांबोळी, गोवा. तीच विश्वचषकातली पोरं आता इंडियन अ‍ॅरोज म्हणून आय-लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळतायत. चेन्नई सिटीवर 3-0, त्यातले दोन गोल अनिकेतचे. तोच आकडा, या वेळी आपल्या बाजूनं. ओरडा, घसा बसला तरी चालेल.

आणखी एक उडी: 20 मार्च 2022, पुन्हा फातोर्डा, आयएसएलचा अंतिम सामना. अनिकेत हैदराबादच्या संघात. समोर केरळ. त्यांचा गोल करतो राहुल केपी, दिल्लीतल्या त्या रात्रीचा त्याचाच सोबती. मग गोव्याचा साहिल तवोरा अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधतो, गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी पेनल्ट्या अडवतो आणि चषक हैदराबादकडे जातो.

गाडी घाट उतरते. कर्जत, मग खोपोली. साजगावात अंधार पडायला आलाय आणि पोरं अजून खेळतायत. बॉल घरंगळत तुमच्या पायाशी येतो. पलीकडे, विटांच्या गोलाजवळ, एक पोरगा एकटाच हात वर करून उभा आहे.

"काका, इकडे!"