वाचकमंडळाचे दार

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागते, मुलांच्या शाळेची सोय होते, शेजाऱ्यांची ओळखही होते. परंतु वाचलेल्या पुस्तकाविषयी मोकळेपणाने बोलता येईल अशी चार माणसे लवकर भेटत नाहीत. परमुलखात असे मंडळ शोधावे कसे, आणि नसेल तर उभारावे कसे? या प्रश्नाचे एक जुने उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या इतिहासात सापडते. त्याचा कर्ता बेंजामिन फ्रँकलिन हा त्या शहरात उपराच होता.

बॉस्टन येथे जन्मलेला हा तरुण मुद्रक १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तेथे आला. १७२७ मध्ये त्याने ‘जुंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. काचकाम करणारा टॉमस गॉडफ्रे, जोडे शिवण्याचा धंदा शिकलेला विल्यम पार्सन्स, एक सुतार, एक भूमापक, एका व्यापाऱ्याचा कारकून आणि सुखवस्तू रॉबर्ट ग्रेस असे नाना थरांतले लोक त्यात होते. दर शुक्रवारी सायंकाळी ते जमत. प्रत्येकाने पाळीपाळीने नीती, राजकारण अथवा सृष्टिशास्त्र यांवर प्रश्न मांडावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचावा, असा नियम होता. हटवादी भाषा वापरणाऱ्यास किरकोळ दंड होई.

चर्चेत वारंवार ग्रंथांचे आधार लागत. म्हणून सर्वांनी आपापली पुस्तके ग्रेसच्या घरी एकत्र ठेवली. परंतु त्यांची निगा कोणीच राखीना. वर्षभराने ज्याची पुस्तके त्याने परत नेली. नुसत्या सद्भावनेवर उभा राहिलेला उपक्रम असा मोडला.

त्यातून धडा घेऊन फ्रँकलिनने १७३१ साली लेखी करार करून वर्गणीचे ग्रंथालय काढले. पन्नास सभासदांनी आरंभी चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग द्यावयाचे ठरले. मुदतीत पुस्तक न परतल्यास दुप्पट किंमत देण्याची चिठ्ठी लिहून घेतली जाई. वर्गणी मागत फिरताना योजना आपली आहे असे सांगितले की लोक बिचकतात, हे ध्यानी येताच ती काही मित्रांची आहे असे तो सांगू लागला. ते ग्रंथालय आजही चालू आहे.

आम्हांस यात सर्वांत मननीय वाटतो तो दाराचा प्रश्न. जुंटोची सभासदसंख्या बारांवर मर्यादित होती, आणि नको त्या माणसांचे अर्ज येऊ नयेत म्हणून मंडळाचे अस्तित्वही गुप्त ठेवले होते. नवागतास ते सापडणेच कठीण! संख्या वाढविण्याऐवजी प्रत्येक सभासदाने निराळे उपमंडळ काढावे, असे फ्रँकलिनने सुचविले. तशी पाचसहा मंडळे निघाली. ग्रंथालयाची रीत मात्र वेगळी होती. पुस्तक घरी नेण्याचा हक्क वर्गणीदाराचा. पण तेथे बसून वाचण्यास कोणाही सभ्य गृहस्थास मुभा होती.

आम्हां नोकरदारांच्या बैठकींत हुद्दा नकळत आधी येऊन बसतो. साहेबांचे मत झाले की चर्चा आटोपते, आणि साहेबांची बदली झाली की मंडळही आटोपते. लहानशी पण नियमित वर्गणी, लेखी नियम, ठरलेला वार आणि गावातल्या सुतारालाही मिळणारी बरोबरीची जागा, एवढे असले तर संस्थापक गेल्यावरही मंडळ टिकते. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला ते दार उघडे मिळावे, यापरते त्या गावाचे ऋण आम्ही दुसरे कसे फेडणार?